कुणाच्या तरी उपयोगी पडेल

आमच्या बिल्डिंगचा जिना म्हणजे जिना कमी आणि गोडाऊन जास्त अशी अवस्था झाली होती. लिफ्ट असल्यामुळे जिन्याने कुणी जातच नाही, त्यामुळे जागा रिकामी दिसली की ठेव काहीतरी. पहिल्या मजल्यावर चपलांची स्टँडं आणि एक छोटी सायकल, जिचा मालक आता बंगलोरला नोकरीला आहे. दुसऱ्यावर पाणीकपातीच्या वर्षी आणलेले निळे ड्रम, त्यात पाण्याऐवजी किल्ल्याच्या विटा आणि हात तुटलेले मावळे. तिसऱ्यावर एक आख्खं लोखंडी कपाट. आणि गच्चीच्या दाराशी तर नक्की काय काय आहे हे कुणी नीट बघितलंच नव्हतं, कारण बघितलं असतं तर त्यातलं आपलं कुठलं हे सांगावं लागलं असतं. मीटिंगमध्ये प्रत्येकाला दुसऱ्याचंच सामान दिसायचं, स्वतःचं ते 'तात्पुरतं ठेवलंय'.

हे असंच चालू राहिलं असतं पण जुलैत फायरवाला आला. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे ना, त्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं, त्याला सगळे फॉर्म बी म्हणतात. तो मुलगा सातव्या मजल्यापर्यंत चालत गेला, खाली आला, शर्टाला लागलेली धूळ झटकली आणि म्हणाला, काकू, आग लागली तर या जिन्यातून धूर तरी बाहेर पडेल का, माणसांचं सोडाच. हे हलवा, मग सही.

सेक्रेटरींनी लगेच ग्रुपवर कडक नोटीस टाकली, पंधरा दिवसांत सामान हलवा नाहीतर दंड. त्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि एक चमचा हलला नाही. मला यात लोकांचा आळस फारसा वाटत नाही खरं सांगू का. 'हलवा' म्हणणं सोपं आहे, हलवून नेणार कुठे? घंटागाडी सोफा घेत नाही, गादी घेत नाही. भंगारवाला येतो तो आपल्याला हवं ते उचलतो आणि बाकीचं तिथेच ठेवून जातो. रात्री गुपचूप कालव्याच्या कडेला नेऊन टाकणारे आहेत, सगळ्या पुण्यात आहेत, पण आमच्या बिल्डिंगमधले काका-काकू त्या वाणाचे नाहीत, ते आपले जिन्यात ठेवतात. म्हणून मी म्हणलं की एक दिवस ठरवू, सगळ्यांनी सगळं खाली पार्किंगमध्ये आणायचं आणि ते नेणारी माणसं आपण बोलावू. झालं, जी बोलते तिच्याच गळ्यात पडतं हा सोसायटीचा अलिखित नियम आहे.

तारखेवरून जे रामायण झालं ते सांगत बसत नाही. गणपतीच्या आधी कुणाला वेळ नाही, नंतर लगेच पितृपक्ष, मग एक गट म्हणे पितृपक्षात घरातलं काही बाहेर काढू नये आणि दुसरा गट म्हणे उलट त्यासाठीच बरा काळ आहे, नाहीतरी खरेदी बंदच असते. शेवटी घटस्थापनेच्या आधीचा शनिवार ठरला, कारण नवरात्राच्या आधी घर झाडून काढायचंच असतं आणि तेव्हा सगळ्या बायका माळ्यावर चढलेल्याच असतात. चौथ्या मजल्यावरच्या नागपूरच्या वहिनी म्हणाल्या की आमच्याकडे हे काम पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं, मारबत काढतात, सगळी घाण, रोगराई तिच्या नावाने गावाबाहेर न्यायची, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'. शनिवारी त्यांचा स्वतःचा जुना सोफा टेम्पोत चढला तेव्हा त्या बाल्कनीतून हेच ओरडल्या आणि आख्खं पार्किंग हसलं.

तर, ठरवल्यावर सगळ्यात आधी मी आमच्या कचरा नेणाऱ्या ताईंशी बोलले. हे मुद्दाम सांगतेय कारण अशा दिवसांच्या प्लॅनिंगमध्ये बॅनर, टीशर्ट, नाश्त्याला पोहे की इडली हे सगळं ठरतं, आणि ज्या बाईला यातलं सगळं कळतं तिला शनिवारी सकाळी 'ताई, जरा हे पण घ्या' म्हणून सांगतात. त्यांची आई कचराकुंड्यांमधून कागद-काच वेचायची. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली, या बायकांची संघटना, आणि त्यातून पुढे त्यांना ओळखपत्रं मिळाली. 'आधी पोलीस पकडायचे, चोरी केली म्हणायचे, कार्ड दाखवलं की सोडायचे,' असं त्यांनी आईचं ऐकलेलं सांगितलं. मग 2008 पासून महापालिकेबरोबर करार करून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा घेते, तीन हजारांहून जास्त माणसं आहेत, बहुतेक बायकाच. घरटी महिन्याला द्यायचे पैसे आणि वेचलेला सुका माल विकून जे येतील ते, ही त्यांची कमाई. म्हणजे आपली रद्दी, पुठ्ठा, बाटल्या हा त्यांच्या पगाराचा भाग आहे, हे आमच्या कमिटीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. ते पुढे येईलच.

ताई म्हणाल्या, मॅडम, आधी बघू द्या काय आहे. मग दुपारी त्या आणि मी जिन्याने वर चढलो. माझ्या डोळ्याला जिथे 'अडगळ' एवढं एकच दिसत होतं तिथे त्या बोलत बोलत वेगळं करत चालल्या होत्या, हे पत्रा, हे बीड, हे जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, हा फुगा, म्हणजे शाम्पूच्या आणि फिनेलच्या बाटल्यांचं प्लास्टिक, हे कडक, हे जात नाही. कमरेच्या पिशवीत एक लोहचुंबक होतं, स्पीकर फोडून काढलेलं. ते त्या भांड्याला लावायच्या. चिकटलं तर एक भाव, नाही चिकटलं तर चांगलं स्टील, त्याचा दुसरा भाव. एका घराबाहेर जुना कुकर होता, त्यांनी तो हातात घेतला, झाकण काढलं, गॅस्केट बोटाने उचकटून बाजूला टाकलं, दांडीचा स्क्रू नखाने चाचपला आणि म्हणाल्या, दांडी काढून दिली तर जर्मनच्या भावात जाईल, दांडी ठेवली तर तो दुकानदार वजनात कापून घेतो. काळी दांडी वितळत नाही ना. एवढं सगळं होईपर्यंत मी फक्त 'हा आमच्या वरच्या आजींचा कुकर' एवढंच ओळखलं होतं.

एक गोष्ट त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्की बसली आणि मग शनिवारभर तीच दिसत राहिली. जी वस्तू हाताने सुटी करता येते तिला पुढचं आयुष्य असतं. तांब्याचा बंब, बिडाचा तवा, सागवानी खुर्ची जिची फक्त वेताची जाळी फाटलीय, कापसाची गादी. कापूस पिंजारी परत पिंजून देतो, खुर्ची परत विणता येते, सुती साड्यांच्या गोधड्या होतात, बीड वितळतं. आणि आपण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे घेतलं त्याचं काय? लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून बनवलेली टीव्ही युनिटं, एकदा स्क्रू काढला की त्या भोकात परत बसत नाही, पाणी लागलं की फुगून वर येतात. फोम, काथ्या, रेक्झिन असं सगळं एकमेकांना चिकटवलेल्या गाद्या. मुलांचे शाळेचे बूट, ज्यात रबर, कापड, फोम, प्लास्टिक असं सगळं एकजीव करून टाकलेलं. चाकाच्या बॅगा. हे कुणाला नकोय, कारण हे सोडवायला लागणारी मेहनत त्यातून निघणाऱ्या मालापेक्षा महाग आहे. भंगारवाला लबाड असतो, काट्यात मारतो, हे सगळं ठीक आहे, पण काय टिकणार आणि काय नाही याची त्याच्याएवढी स्वच्छ परीक्षा दुसरं कुणी करत नाही.

आता खरी गंमत. आम्ही पार्किंगमध्ये खडूने चौकोन आखले होते, भंगार, इलेक्ट्रॉनिक, मोठं सामान, कपडे, पुस्तकं आणि शेवटी एक टेबल, 'दान / कुणाला हवं असल्यास'. सकाळी आठला सुरू केलं आणि दहाच्या आत दानाचं टेबल भरून खाली जमिनीवर ढीग लागला. काय होतं त्यात? झाकण नसलेले थर्मास. एकच पाय चालणारं वजनाचं मशीन. बारावीची जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं. चेन तुटलेल्या बॅगा. पिवळे पडलेले पडदे. तीच टीव्ही युनिटं. म्हणजे एक एक घर आधी भंगारच्या चौकोनात जायचं, ताई मान हलवायच्या, नाही म्हणायच्या, की तीच वस्तू दोन पावलं सरकून दानात यायची आणि वर वाक्य ठरलेलं, 'राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.' भंगारवाल्याने नाकारलेली वस्तू आपण दान करतो. तिला भाव नाही म्हणून ती गरिबाला.

हे मला बोचलं, आणि मी काही फार संवेदनशील बाई आहे असं नाही. पण एक प्रसंग सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना खाली बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, मावशी, हा आमचा सोफा तुम्ही घेऊन जा, थ्री प्लस टू आहे. मावशींनी पदराने हात पुसले, सोफ्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ताई, सोफा ठेवला तर आम्ही झोपायचं कुठं? वहिनींचा चेहरा पडला. त्यांना राग आला असं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं की कुणी फुकटचा सोफा कसा नाकारेल. मावशी मग टेबलापाशी गेल्या, तिथून घट्ट झाकणाचे स्टीलचे दोन डबे उचलले, झाकण लावून-काढून बघितलं, आणि गेल्या. त्यांना काय हवंय ते त्यांना बरोबर माहीत होतं.

आणि हा काही आपल्या बिल्डिंगपुरता रोग नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, लोकांनी त्यांना हात लावला नाही, 'गूंज'सारख्या संस्थेला ते उचलून, निवडून त्याचं पुढे काहीतरी करावं लागलं. ज्यांचं घर काल वाहून गेलंय ते आज आपली बटणं तुटलेली पँट घालून आनंदी होतील अशी आपली काहीतरी ठाम समजूत असते.

म्हणून अकराच्या सुमाराला मी दानाच्या टेबलावर एक पाटी लावली, चालू स्थितीत असेल, धुतलेलं असेल, झाकण असेल तरच. बाकी सगळं 'मोठं सामान'मध्ये, म्हणजे ज्याचे पैसे देऊन न्यावं लागणार आहे त्यात. यावरून चांगलं वाजलं. 'टाकायला पैसे?' हा प्रश्न मला त्या दिवशी इतक्या सुरांत विचारला गेला की काय सांगू. एका काकांनी तर हिशोबच मांडला, गादी घेतली तेव्हा पैसे दिले, वापरली तेव्हा मेंटेनन्स दिला आणि आता टाकायला पण पैसे द्यायचे म्हणजे गादीने मला आयुष्यभर लुटलंच की. मी म्हणलं काका, हो. माझ्या मावसभावाला जर्मनीत याच्यासाठी आधी नगरपालिकेकडे नोंदणी करावी लागते, तारीख मिळते, त्या दिवशी फुटपाथवर ठेवायचं, आणि काही ठिकाणी त्याचे पैसेही लागतात. इथे 'स्वच्छ'च्या 'व्ही-कलेक्ट'मध्ये मोठं आणि जुनं सामान घेतात, टेम्पो येतो, माणसं येतात, त्यांची मजुरी असते. तुमची गादी सातव्या मजल्यावरून पाठीवर उतरवायची ती फुकट कशी उतरेल? लिफ्टमध्ये ती मावत नव्हती, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

आणि फुकट ती कुठे जाईल हे पण पुण्यातल्या माणसाने विचारायलाच नको खरं तर. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, विहिरी नासल्या, आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, आणि गाड्या अडल्या की मगच आपल्याला पेपरात कळायचं की कचरा नावाचा काही प्रश्न आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की ज्याचं रिसायकलिंग होत नाही पण जळताना किलोला 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देतं ते जमिनीत पुरायचंच नाही, ते सिमेंटच्या भट्टीसारख्या ठिकाणी इंधन म्हणून वापरायचं. म्हणजे आपल्या फोमच्या गादीचं चांगल्यात चांगलं भवितव्य सिमेंटची भट्टी. काकांना हे सांगितल्यावर ते जरा शांत झाले, त्यांनी पैसे दिले. पावती मागितली, अर्थातच.

इलेक्ट्रॉनिकच्या चौकोनात मात्र गर्दी बघायला मजा आली. प्रत्येकाकडे पिशवीभर चार्जर, कुठल्या फोनचे ते देवाला ठाऊक, आणि प्रत्येकाने ते देताना एक एक बाहेर काढून परत बघितला. डबे टीव्ही बरेच निघाले. त्यांच्या बाबतीत मी हट्ट धरला होता की भंगारात द्यायचे नाहीत, कारण भंगारात ते फोडतात, मागच्या नळीवरची तांब्याची तार काढून घेतात आणि काच तिथेच टाकून देतात, आणि त्या काचेत शिसं असतं. ट्यूबलाईट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, थोडासाच, पण फुटला की हवेत. सर्किट बोर्डांचं तर काय, मुरादाबादला, दिल्लीत सीलमपूरला लोक ते उघड्यावर जाळून आणि ॲसिडमध्ये बुडवून तांबं नि सोनं काढतात, लहान मुलं असतात त्यात. म्हणून नोंदणी असलेल्या ई-वेस्टवाल्यांची गाडी बोलावली होती. नवे ई-कचऱ्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेत, त्यात रिसायकलिंगची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय, कागदावर छान आहे. गाडीवाल्याने सगळ्याचं वजन केलं, यादी केली, सही घेतली. फारसे पैसे मिळाले नाहीत त्यावरून कुजबुज झाली, भंगारवाला याच्या दुप्पट देतो म्हणे. देतोच. जास्त देतो कारण तो शिसं नाल्यात सोडून देतो आणि त्याचं बिल कुणालाच येत नाही.

औषधांचं आणि रंगाच्या अर्ध्या डब्यांचं जमलं नाही. 2016 च्या त्याच नियमांत ते 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळं धरलं होतं, बॅटऱ्या, थर्मामीटर, जुनी औषधं सगळं त्यात यायचं, आणि दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा करायचं केंद्र असावं असंही लिहिलं होतं. पण आमच्या त्या शनिवारी ते नेणारं कुणी आलं नाही एवढं खरं, तो खोका अजून पंपाच्या खोलीत आहे.

पुस्तकांचं लवकर उरकलं, चांगली होती ती दोन वाचनालयांनी नेली, दिवाळी अंकांचे गठ्ठे पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी परत वर नेले. कपड्यांना भांडीवाली आली, तिने घमेलं देऊन इतकी घासाघीस केली की बघायला माणसं जमली. मधेच तळमजल्यावरच्या आजी एक तांब्याचा हंडा घेऊन आल्या, पोचे पडलेला, एका बाजूने काळा. लगेच दोघंतिघं पुढे, आजी, द्यायचाय का, डेकोरेशनला घेतो. आजी म्हणाल्या, द्यायला नाही आणला, दाखवायला आणलाय. पानशेतच्या पुरात, 12 जुलै 1961, त्यांच्या शनिवार पेठेतल्या घरात छतापर्यंत पाणी गेलं, आणि नंतर चिखल उपसताना जे सापडलं त्यात हा हंडा. कुणाचा ते माहीत नाही, यांचा नव्हे. वाड्यात विचारलं, गल्लीत विचारलं, कुणी न्यायलाच आलं नाही, मग राहिला यांच्याकडे. एवढं सांगून त्या हंडा घेऊन परत गेल्या. अडगळ काढा असं दिवसभर ओरडणाऱ्या मला त्यावर काही बोलायला सुचलं नाही आणि बोलायचंही नव्हतं.

सगळ्यात अवघड निघाले देव. मी यादीत हा चौकोनच ठेवला नव्हता. पण अकरा-बाराच्या दरम्यान एक एक बाई पिशवी घेऊन यायची, इकडेतिकडे बघायची आणि हळूच विचारायची, याचं काय करायचं? आत तसबिरी. लग्नात आलेले गणपती, कॅलेंडरातून कापून फ्रेम केलेली लक्ष्मी, कसर लागलेले स्वामी, बंद पडलेल्या दुकानातला बालाजी. भंगारात घालवत नाही, कचऱ्यात टाकवत नाही, देवळात घेत नाहीत, म्हणून लोक पिंपळाखाली ठेवून येतात आणि हात जोडून मागे न बघता निघतात, पुढचं पिंपळाने बघायचं. आमच्या कोपऱ्यावरचा पिंपळ तर देवांचं बस स्टँड झालाय.

पाचव्या मजल्यावरचे आजोबा, तेच दिवाळी अंकवाले, खाली आले, खुर्ची मागितली, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड मागितली. सगळ्या तसबिरी टेबलावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हणाले, आणि कामाला लागले. मागच्या खिळ्या पकडीने सरळ करायच्या, पुठ्ठा काढायचा, काच दोन्ही हातांनी अलगद उचलायची. काच ताईंच्या पोत्यात, पुठ्ठा पुठ्ठ्यात, लाकडी पट्ट्या वेगळ्या, खिळे डबीत. राहिला नुसता कागद. तो बादलीत पाण्यात बुडवायचा, आणि ते मुलांना सांगत होते, फाडू नका रे, आपोआप विरघळू दे. चकचकीत प्लास्टिकचा थर असलेले मात्र विरघळेनात, ते त्यांनी बाजूला काढून ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. 'हे देव काय करायचे ते तुम्ही ठरवा,' मला म्हणाले, 'आमच्या वेळचे पाण्यात जायचे.' संध्याकाळी तो लगदा जास्वंदीच्या आळ्यात गेला. आपण घेतलेल्या गणपतीच्या मूर्तीचं पण हेच आहे ना, शाडूची तासाभरात बसते आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची महिनोन्‌महिने तशीच, म्हणून तर आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, एनसीएलने, अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ती घरच्या बादलीत विरघळवायची पद्धत काढली. ज्याचं विसर्जनच होत नाही ते पूजेला आणावंच कशाला, असं मला आपलं वाटतं, पण हे मी ग्रुपवर लिहिणार नाही.

दुपारनंतर पैशांचा विषय निघाला. पत्रा, बीड, रद्दी, पुठ्ठा यांचे बऱ्यापैकी पैसे होणार होते आणि खजिनदार म्हणाले सिंकिंग फंडात टाकू. मी विचारलं कुणाच्या कष्टाचे? तर म्हणे वस्तू आपल्या आहेत. वस्तू आपल्या होत्या, बरोबर, पण जिन्यात वीस वर्षं पडून असताना त्यांचे पैसे झाले नव्हते. दोन बायकांनी दिवसभर बसून दांड्या सोडवल्या, तारा सोलल्या, बाटल्यांची झाकणं वेगळी केली तेव्हा त्यांचा माल झाला. थोडी वादावादी झाली, मतदानापर्यंत गेलं नाही. माल ताईंनी नेला. फुकट दिला असं कृपया कुणी म्हणू नये, आणि 'आम्ही त्यांना मदत केली' असं तर अजिबातच, त्यांनी आमचा फॉर्म बी मिळवून दिला.

जाताना मी ताईंना विचारलं, दरवर्षी करूया का असं? मला वाटलं त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, नका करू. सगळं एका दिवशी काढता मॅडम, आम्ही दोघी, पाठ राहत नाही. आणि पावसापाण्याचं काढता, पुठ्ठा भिजला की तो दुकानदार घेत नाही, घेतला तर निम्म्या भावात. तुम्ही महिन्याला थोडं थोडं द्या. आणि दांडी काढून द्या.

तर आता महिन्याचा शेवटचा शनिवार ठरलाय. पंपाच्या खोलीशेजारचा कोपरा रिकामा केलाय, किल्ली वॉचमनकडे, वरती छप्पर आहे त्यामुळे भिजत नाही, भिंतीला एक स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड दोरीने बांधून ठेवलीय, मुलांची त्यावरून भांडणं होतात. कपाटाचं तेवढं अडलंय, किल्ली हरवलीय आणि आत काय आहे हे मालकांना आठवत नाही म्हणून ते देतही नाहीत, पण जिन्यातून आत घेतलंय. फायरवाल्याने सही केली. आणि शनिवारी दानाच्या टेबलाशेजारून सहाव्या मजल्यावरची ट्रेडमिल दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने मोठ्या उत्साहाने नेली होती, काल त्यांचा ग्रुपवर मेसेज आलाय, ट्रेडमिल द्यायची आहे, चालू स्थितीत, धुतलेली.